लटकनची साक्ष

मी एक जुना स्विच आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या पिवळ्या अंगाला एक तडा गेला आहे, त्यावर काळी चिकटपट्टी आहे, आणि हिरव्या बटणावरचा वर जाणारा बाण अंगठ्यांनी पुसून पुसून नाहीसा झाला आहे. पण दाबून बघा. लगेच ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर नाव बदलीन.

नाव माझं लटकन. ते कारखान्यात ठेवलेलं नाही, या घरात पडलं. आमच्या गच्चीवर एका लोखंडी तुळईला विजेचा हॉइस्ट टांगलेला आहे. हॉइस्ट म्हणजे ओझं उचलणारं यंत्र. त्यात एक मोटर असते, मोटरच्या रिळावर पोलादी दोर गुंडाळलेला असतो आणि दोराच्या टोकाला आकडा असतो. या यंत्राजवळून निघालेल्या जाड केबलच्या टोकाला मी दिवसभर लटकतो, म्हणून लटकन. मला तीन बटणं आहेत. हिरवं दाबलं की ओझं वर, काळं दाबलं की खाली आणि लाल दाबलं की सगळं बंद. बोट उचललं की मोटर थांबते. काम एवढंच, पण ते नीट झालं नाही तर काय होतं, ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझ्यावर एक आळ आला होता. अख्ख्या घराने तो खरा मानला. माझ्यावर आला तो आला, पण माझ्याबरोबर एका बाईवरही आला, आणि तिला तर स्वतःलाही तो खरा वाटू लागला होता. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. समोर बसलेल्या बायका आमच्या पोटात स्प्रिंगा बसवत, पितळी पट्ट्या लावत आणि एकेक बटण दाबून कानाशी धरत. ज्याचा आवाज बसका यायचा, तो बाजूच्या डब्यात जायचा. मी डब्यात गेलो नाही. पुढे बरेच दिवस एका दुकानाच्या फळीवर खोक्यात पडून होतो. एके दिवशी दोरीला बांधलेला जाड भिंगांचा चष्मा गळ्यात अडकवलेला एक वायरमन आला, त्याने मला हातात घेऊन तिन्ही बटणं दाबली आणि पिशवीत टाकलं. त्या पिशवीतून मी या घरी आलो.

हे घर म्हणजे एक लाँड्री. खालच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत कपडे धुण्याचं मोठं यंत्र आणि कपडे पिळणारा स्पिनर. इस्पितळाच्या चादरी, लॉजचे टॉवेल, शाळेच्या खानावळीतले टेबलक्लॉथ असा ढीग रोज येतो. वाळवायला जागा मात्र गच्चीवर. मध्ये एक्केचाळीस पायऱ्या. लाँड्रीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्यांनी या पायऱ्या ओल्या चादरींच्या बादल्या घेऊन वीस वर्षं चढल्या. मग गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी जिना बंद केला. त्यावर काकू म्हणाल्या, “जिना बंद, लाँड्री नाही,” आणि हॉइस्ट आणला.

तेव्हापासून काकू खाली मागच्या अंगणात उभ्या राहून जाळीच्या लोखंडी टोपलीत ओले कपडे भरतात आणि टोपली आकड्याला लावतात. वर गच्चीवर त्यांची सून मला हातात धरून उभी असते. टोपली कठड्याच्या वर आली की ती आत ओढून घेते. काकूंचा मुलगा नोकरीसाठी परगावी असतो, त्यामुळे घर आणि धंदा या दोघींच्या जिवावर चालतो.

आता जरा कान देऊन ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. वायरमनने मला बसवलं तेव्हा तुळईखाली आणखी एक छोटा स्विच बसवला. त्याला लिमिट स्विच म्हणतात. मी त्याला पहारेकरी म्हणतो. आकडा वाजवीपेक्षा जास्त वर आला की त्याच्या दांडीला धक्का लागतो आणि वर जायची वाट बंद होते. मग कुणी कितीही वेळ हिरवं दाबून धरलं तरी मोटर पुढे जात नाही. मात्र हा पहारा फक्त हिरव्या बटणाच्या वाटेवर आहे. काळ्याच्या वाटेवर त्याचं काही चालत नाही, कारण खाली जाणारं ओझं तुळईवर आदळायचा प्रश्नच नसतो.

प्रत्येक वायरीवर वायरमनने आकड्याची बारीक पिवळी रिंग चढवली. हिरव्या बटणाच्या वायरीवर दोन, काळ्याच्या वायरीवर तीन. माझं झाकण लावताना तो सुनेला म्हणाला, “ताई, टोपली कठड्याशी आली की अंगठा आपण उचलायचा. वरचा स्विच आपण चुकलो तर वाचवायला आहे. त्याच्या जिवावर रोज काम करायचं नाही.”

सुनेने मान हलवली. आठ दिवस तिने अंगठा वेळेवर उचलला. मग तिच्या लक्षात आलं की नाही उचलला तरी टोपली बरोबर कठड्याच्या हातभर वर येऊन आपसूक थांबते. मग काय, डाव्या हाताने मला दाबून धरायचं आणि उजव्या हाताने दोरीवरचे चिमटे काढायचे. दोन कामं एकदम उरकायची. मी तिला दोष देत नाही. ढीग मोठा होता आणि हात दोनच होते. पण सवय वाईट होती, आणि साक्ष द्यायला उभा राहिलोय तर हेही सांगायलाच हवं.

नऊ वर्षं असं चाललं. येणारा जाणारा वर बघून म्हणायचा, “काय मोटर आहे!” मोटरचं कौतुक, दोराचं कौतुक, एवढंच काय, टोपलीचंसुद्धा कौतुक. माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाऱ्याने भिंतीवर आपटून मला तडा गेला, तेव्हा सुनेने चिकटपट्टी लावली आणि पावसाळ्यासाठी दुधाची पिशवी माझ्यावर उलटी घालून रबरबँड लावलं, एवढीच माझी काय ती काळजी. माझी तक्रार नाही. मान मिळाला नाही म्हणून मी कधी अडून बसलो नाही.

आता भाऊजी. हे काकूंचे धाकटे दीर. शेजारच्या घरात राहतात, टेंपोतून कपडे आणतात, पोचवतात. माणूस कष्टाळू, नाही म्हणणार नाही. पण तरुणपणी सहा महिने रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसले होते आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर घरोघरी पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर उघडले. बंद करताना दोन स्क्रू नेहमी उरायचे. ते खिशात टाकून भाऊजी म्हणायचे, “कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात.”

एके दिवशी सकाळी रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर काम निघालं. वीज गेली ती अकराला आली. तोवर इस्पितळाच्या चादरी खोळंबल्या होत्या आणि त्या त्याच दिवशी संध्याकाळी परत द्यायच्या होत्या. काकूंनी पहिली टोपली भरली, आकडा अडकवला. सुनेने हिरवं दाबलं. आणि टोपली वर यायच्या ऐवजी दोर सैल होऊन खाली सुटू लागला. तिने काळं दाबून पाहिलं, तर दोर वर आला.

असं का झालं, ते मला तेव्हाच कळलं होतं. खांबावरून आपल्या घरात तीन तारा येतात. काम करणाऱ्यांच्या हातून त्यांतल्या दोन एकमेकींच्या जागी लागल्या, तर घरातल्या अशा मोटरी उलट्या फिरतात. त्यावर उपाय साधा आहे, पण तो मीटरजवळच्या मेन स्विचपाशी करायचा असतो.

सुनेने भाऊजींना हाक मारली. ते वर आले. ती म्हणाली, “काका, हा उलटा चालतोय. आणि खाली स्पिनरही आज उलटा फिरतोय. वायरमनकाकांना बोलावू या का?”

“स्पिनरला काय, उलटं आणि सुलटं? कपडे पिळले म्हणजे झालं,” भाऊजी म्हणाले. “आणि ह्याला वायरमन कशाला लागतो? दोनच तर वायरी आहेत.”

त्यांनी मेन बंद केला, तेवढं श्रेय मी देतो. मग माझे चार स्क्रू काढले आणि माझ्या पोटात हात घातला. दोन नंबरची वायर काळ्या बटणाला, तीन नंबरची हिरव्याला. झाकण लावलं. मेन चालू करून टोपली अर्ध्यापर्यंत वर नेली, खाली आणली. “बघ, पाच मिनिटांचं काम. उगाच लोकांच्या नाकदुऱ्या काढायच्या.” असं म्हणून ते टेंपो घेऊन निघून गेले.

मित्रांनो, बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. हिरवं दाबलं की वर, काळं दाबलं की खाली. पण माझं हिरवं बटण आता काळ्याच्या वाटेने चाललं होतं, आणि त्या वाटेवर पहारेकरी नव्हता. तो बिचारा आपल्या जुन्या जागी इमानाने उभा होता, रिकाम्या रस्त्यावर पहारा देत. मला बोलता येत नाही. आलं असतं, तर त्या दिवशी सगळी गल्ली गोळा होईल एवढा ओरडलो असतो.

सुनेने हिरवं दाबलं. टोपली वर आली. नेहमीसारखीच ती आपसूक थांबणार म्हणून सून दोरीकडे वळली. तिच्या ओठांत दोन चिमटे होते. टोपली कठड्याच्या वर आली आणि तशीच पुढे जात राहिली. पहारेकऱ्याच्या दांडीला धक्का लागला, पण त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. मोटरचा आवाज बदलला, तशी सून गर्रकन वळली आणि तिने अंगठा उचलला. तिने अंगठा उचलताच मी वीज तोडली. एका क्षणाचाही उशीर केला नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण आकडा तोवर रिळाला भिडला होता. दोर तुटला आणि चादरींनी भरलेली टोपली अंगणात कोसळली.

काकू दुसरा ढीग बाजूला काढत होत्या. टोपलीची कड त्यांच्या डाव्या पावलावर आली. घोट्याच्या खालची दोन हाडं मोडली. काकू ओरडल्या नाहीत, खाली बसल्या आणि वर बघून म्हणाल्या, “तू ठीक आहेस ना ग?”

पायाला प्लास्टर चढलं आणि घरात चौकशी सुरू झाली. चौकशी कसली, निकाल आधीच लागला होता. बटण कोणाच्या हातात होतं? सुनेच्या. मग चूक कोणाची? उचलली जीभ, लावली टाळ्याला. समाचाराला येणारा प्रत्येक जण आधी काकूंच्या पायाकडे, मग सुनेकडे बघायचा. कुणी म्हणालं, तिचं लक्षच नसतं. कुणी म्हणालं, स्विच जुना होता, अडकला असेल. परगावाहून मुलाचा फोन आला. त्याने बायकोला एवढंच विचारलं, “तू बटण सोडलं का नाहीस?” भाऊजी बाजूलाच उभे होते. वायरी आपण बदलल्या होत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंही नसेल. उलट तेच सगळ्यांना सांगत होते की आता हॉइस्ट भंगारात घालायचा, लाँड्री बंद करायची आणि सूनबाईला यंत्राच्या जवळ फिरकू द्यायचं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. मी तर प्लास्टिकचा, माझं काय जायचं होतं? फार तर कचऱ्यात गेलो असतो. पण ती सून चार दिवस जेवताना ताटाकडे बघत बसायची आणि उजव्या हाताने डाव्या हाताचा अंगठा चोळत राहायची. याच अंगठ्याने सासूचा पाय मोडला, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊजी पक्कड घेऊन गच्चीवर आले. आधी मला कापायचं, मग हॉइस्ट उतरवायचा असा बेत होता. त्यांच्या मागोमाग सून वर आली. त्यांनी माझी केबल पकडीत धरली, तेवढ्यात तिने माझ्या अंगावर हात ठेवला.

“काका, थांबा. एक सांगा. हा रोज वर येऊन आपोआप थांबायचा. त्या दिवशी का नाही थांबला?”

“तू बटण सोडलं नाहीस म्हणून.”

“मी रोजच सोडत नव्हते.”

भाऊजींचा हात जागच्या जागी राहिला. सून पुढे बोलू लागली.

“नऊ वर्षं मी अंगठा वेळेवर उचललेला नाही. वायरमनकाकांनी बजावलं होतं, तरी नाही उचलला. ती माझी चूक आहे आणि ती मी आईंच्या समोर कबूल करीन. पण नऊ वर्षं तो थांबत होता. त्या दिवशी का नाही थांबला, ते कळल्याशिवाय मी हे तोडू देणार नाही.”

मला बटणांऐवजी हात असते, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. सगळे विचारत होते की बटण कुणी दाबलं. नेमका प्रश्न तिने एकटीने विचारला, आणि तो विचारायला स्वतःची चूक आधी चव्हाट्यावर मांडली. असं धाडस मी मोठमोठ्या मोटरींच्या मालकांत पाहिलेलं नाही.

खाली अंगणात प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्या खालूनच म्हणाल्या, “भाऊजी, पक्कड खाली ठेवा. वायरमनला बोलवा. तो येऊन बघेपर्यंत कुणी काही कापायचं नाही.”

वायरमन दुपारी आला. त्याने आधी मेन बंद केला, मग वर येऊन चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझे चार स्क्रू काढले. आत डोकावला. दोन नंबरची रिंग काळ्या बटणाशी, तीन नंबरची हिरव्याशी. मग त्याने मान वर केली.

“हात कुणी घातला ह्यात?”

भाऊजी म्हणाले, “मी. उलटा चालत होता, तो सरळ केला. हिरवं दाबलं की वर जात होतं, मी स्वतः बघितलं.”

“वर जात होतं, भाऊ,” वायरमन म्हणाला. “थांबत नव्हतं.”

मग त्याने तुळईखालच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवून वायरींच्या वाटा समजावून सांगितल्या. खाली जाऊन मेन चालू केला आणि स्पिनर सुरू केला. तो उलटा फिरत होता. वायरमनने विचारलं, “हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?” काकूंनी सुनेकडे पाहिलं. मग भाऊजीच खाली बघत म्हणाले, “हिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

एवढं बोलले, हे त्यांच्या बाजूने लिहून घ्या. पण पुढच्याच वाक्याला माणूस मूळपदावर आला. “तरी ते खोकं जुनंच झालंय वहिनी, नवीन आणू.”

“खोकं राहील,” काकू म्हणाल्या. “आणि ते उघडायचं की नाही, ते इथून पुढे सूनबाई ठरवेल. बाकी कुणी स्क्रूला हात लावायचा नाही.” मग सुनेला म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला फोन लाव. दे इकडे, मी बोलते.”

फोनवर त्यांनी लांबण लावली नाही. “ऐक. दोर तिच्यामुळे तुटला नाही. वरचा पहारा आपल्याच घरातून उठवला होता आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. तू तिला जे विचारलंस ना, त्याबद्दल आता तिच्याशी नीट बोल.” एवढं सांगून त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

वायरमनने पुन्हा मेन बंद केला, मीटरजवळच्या पेटीत तारांच्या जागा बदलल्या आणि हॉइस्टला नवा दोर चढवला. माझ्या पोटातल्या वायरी मात्र त्याने सुनेला लावायला सांगितल्या. तिने रिंगांवरचे आकडे मोठ्याने वाचले, दोन हिरव्याला, तीन काळ्याला, आणि स्क्रू पिळताना पेचकस दोनदा हातातून सुटला. चारही स्क्रू लागले. एकही उरला नाही.

मग वायरमनने अंगणातून सगळ्यांना बाजूला काढलं, मेन चालू केला आणि वर येऊन म्हणाला, “ताई, रिकामा आकडा वर घ्या. आणि आजच्या दिवस अंगठा उचलायचा नाही. मुद्दाम दाबून धरा.”

ती मला हातात घेईना. घेतलं तर दाबेना. शेवटी तिने डोळे मिटून हिरवं दाबलं. आकडा वर सरकू लागला. अर्ध्यावर आला, कठड्याशी आला, कठड्याच्या वर गेला. पहारेकऱ्याच्या दांडीला धक्का लागला आणि मोटर बंद पडली. सुनेने डोळे उघडले. आकडा थांबला होता, तिचा अंगठा माझ्या हिरव्या बटणावर तसाच दाबलेला होता, आणि ती रडत होती.

त्याला आता दोन वर्षं झाली. काकू थोड्या लंगडतात, पण टोपली त्याच भरतात. अंगणात पिवळी रेघ मारली आहे. टोपली हवेत असेपर्यंत कुणी रेघेच्या आत पाऊल टाकत नाही, भाऊजीसुद्धा नाही. सून रोज सकाळी पहिल्यांदा रिकामा आकडा वर नेऊन पहारेकरी जागा आहे का ते बघते, आणि मग दिवसभर त्याच्या भरवशावर राहत नाही. अंगठा वेळेवर उचलते. मी आणि पहारेकरी, आम्ही दोघंही आपापलं काम चोख करतो. मला अजून कुणी ‘काय स्विच आहे!’ असं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं नाही तरी चालेल.

मित्रांनो, मला तुमची दया नको, म्हणून हात जोडून विनवणीही करत नाही. सरळ सांगतो. तुमच्या घरात एखादं बटण एके दिवशी उलटं चालू लागलं, तर ते तुम्हाला काहीतरी सांगतंय. वायरी फिरवून त्याचं तोंड बंद करू नका. ज्याला कळतं त्याला बोलवा आणि तो येईपर्यंत काम थांबवा, चादरी खोळंबल्या तरी चालतील. आणि काही आक्रीत घडलंच, तर ज्याच्या अंगठ्याखाली मी होतो, त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका. आधी मेन बंद करा, माझे चार स्क्रू काढा आणि आत बघा. कोणी कुठे हात घातला, ते सगळं तिथे दिसतं. मी काही लपवून ठेवत नाही.